पगारगाडी आणि पौर्णिमा

इंद्रभानला मागता येत नव्हतं. हात होते, तोंड होतं, तोंडात चांगली जीभही होती. पण "मले हे पाह्यजे" एवढं म्हणायची वेळ आली की ती जीभ टाळूला जाऊन चिकटायची. लहानपणीच आईबाप गेले आणि तो मेहकरला चुलत्याच्या घरी वाढला. तिथे जेवताना चुलती एकदाच विचारायची, "आनखी पाह्यजे का रे?" हा लाजून "नको" म्हणायचा. दुसऱ्यांदा विचारायची रीत त्या घरात नव्हती. पोराचं अर्धं पोट रिकामं राहिलं आणि गाव म्हणू लागलं, काय शहाणं पोरगं आहे! असलं शहाणपण चुलीत घालावं. पण गावाने एकदा शिक्का मारला की माणूस जन्मभर त्या शिक्क्याला जागत बसतो. इंद्रभानही बसला.

मोठा झाल्यावर त्याला नांदुऱ्याच्या स्टेशनावर सांधेवाल्याची नोकरी लागली. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपूरहून चालायचा आणि स्टेशनाचा मास्तरच्या शिट्टीवर. मास्तरने शिट्टी फुंकली की इंद्रभान सांध्याचा दांडा ओढायचा, आणि कापसाच्या गठाणींनी भरलेली अख्खी मालगाडी मुकाट्याने बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहायची. ज्याच्या एका हिसक्यावर मालगाडी वाट सोडायची तो गडी बाजारात भाजीवालीकडे वरची मिरची मागत नसे. पगार अठरा रुपये. तो मात्र न मागता मिळायचा.

या न मागता मिळणाऱ्या पगारावरच वडनेर भोलजीचे भगवंतराव भाळले. घरची जमीन चिक्कार, दारात चार बैलजोड्या, पण पावसाने दोनदा दगा दिल्यावर त्यांनी ठरवलं होतं, की धाकट्या लेकीला ढगाकडे पाहणाऱ्या घरात द्यायचं नाही. गीताबाईचं लग्न इंद्रभानशी झालं. मुलगी दिसायला नाजूक आणि बोलायला वकील होती. नवरा बोलत नसे, त्यामुळे दोघांच्या वाटणीचं तीच बोलायची, आणि संसार झकास चालला.

वर्षभराने स्टेशनामागे एक घर विकायला निघालं. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, अंगणात लिंबाचं झाड. किंमत तीनशे रुपये. इंद्रभान रोज ड्यूटीवर जाताना त्या घराकडे बघायचा आणि पुढे जायचा. गीताबाईने ते बघणं बघितलं आणि सरळ वडनेरला जाऊन बापाकडून पैसे आणले. भगवंतरावांनी पैसे दिले, पण स्टँपावर. "सोयरीक चुलीपाशी, व्यवहार ओसरीवर," असं त्यांचं ब्रीद होतं. घर त्यांच्याकडे गहाण. जावयाने दर पौर्णिमेला पाच रुपये हप्ता द्यायचा, आणि लागोपाठ तीन पौर्णिमा चुकल्या तर गहाणाची खरेदी समजावी, घर सासऱ्याचं.

हे नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं. थोरल्या जावयाने गहाण टाकलेली बैलजोडी भगवंतरावांनी मुदत सरली त्याच दिवशी त्याच्या दावणीतून सोडून आणली होती. आणि त्याच जावयाला दिवाळीला धोतरजोडाही दिला होता, काठाचा! दोन्हींत त्यांना काही विसंगत वाटलं नाही.

आता गंमत अशी, की रेल्वेचा महिना इंग्रजी. दहा तारखेच्या सुमारास पगारगाडी यायची. एक इंजिन, मागे एक डबा, डब्यात खजिनदार. स्टेशनाची माणसं खिडकीशी रांग लावायची आणि अंगठे उठवून पैसे घ्यायची. हप्त्याचा महिना मात्र पंचांगाचा. पहिला हप्ता आला तो पगारानंतर चौथ्या दिवशी. इंद्रभानने ऐटीत पाच रुपये वडनेरच्या वाटेवर बैलांची दमणी हाकणाऱ्या फकीर मोहम्मदच्या हाती पाठवले. पण पंचांगाचा महिना पडला आखूड. पौर्णिमा दर महिन्याला एकेक दिवस अलीकडे सरकायला लागली. सहा महिन्यांत ती पगारगाडीला गाठून पुढे निघून गेली. पगार दहा तारखेला आणि पौर्णिमा आठला! अठरा रुपयांतले पाच पुढल्या पौर्णिमेपर्यंत राखून ठेवावेत, असं शहाणी माणसं म्हणतील. त्या शहाण्यांनी अठरा रुपयांत एक महिना काढून दाखवावा.

सासऱ्याला एक निरोप धाडला असता, "हप्ता पगाराच्या दिवशी घ्या," तर काम झालं असतं. पण तो निरोप म्हणजे मागणं. त्यातून सासऱ्याकडे, आणि त्यातून जावयाने! त्यापेक्षा इंद्रभान कडूबाकडे गेला.

कडूबाचा स्टेशनाबाहेर पानाचा ठेला होता. ठेल्यावर पानं होती, काथ होता, सुपारी होती. पण त्याचा खरा माल कमरेच्या चंचीत असायचा. हमाल, झाडूवाले, कापसाच्या जिनातले मजूर, ज्याचा पगार चार दिवस लांब आणि गरज आज, तो कडूबाकडे यायचा. पाच घ्यायचे, पगाराच्या दिवशी साडेपाच द्यायचे. कडूबाकडे काही मागावं लागत नसे, हा त्याचा मोठा गुण. माणसाचं तोंड पाहूनच तो म्हणायचा, "किती पाह्यजेत बे?" इंद्रभानला हे फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी न मागता विचारत होतं, आणि तेसुद्धा दर महिन्याला.

पहिल्या वेळी साडेपाच फेडले, तर पुढच्या हप्त्याला साडेपाच कमी पडले. मग कडूबाने तोडगा काढला. "पाच राहू दे आंगावर. नुसते आठ आने देत जाय." असे ते पाच रुपये इंद्रभानच्या अंगावर जे बसले ते घरजावयासारखे बसले. आठ आणे खायचे आणि हलायचं नाव नाही. पगारगाडी आली की खिडकीपासून दहा पावलांवर कडूबा तंबाखू-चुना मळत उभा असायचा आणि हसून मान हलवायचा.

तोवर घरात एक पोरगी दुडदुडू लागली होती. फाल्गुनात तिला गोवर निघाला आणि औषधपाण्यात पगार गेला. चैत्राची पौर्णिमा हुकली. वैशाखाचीही हुकली, कारण कडूबा म्हणाला, "पयले जुने पाच, मंग नवे." गीताबाईने दोन्ही वेळा विचारलं, "बाबाले पाठवले ना पैसे?" आणि इंद्रभानने दोन्ही वेळा मान डोलावली. तिकडे वडनेरला भगवंतराव ओसरीवर बसून गप्प राहिले. ते कधी तगादा लावत नसत. ते वाट पाहत. थोरल्या जावयालाही त्यांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. इंद्रभानला हे ठाऊक होतं. लिंबाखाली पोरगी खेळायची आणि याला वाटायचं, पुढल्या महिन्यात हे झाड सासऱ्याचं.

आणि तिसरी पौर्णिमा आली ती धोंड्याच्या महिन्यात. अधिक ज्येष्ठ. तीन वर्षांनी येणारा हा महिना जावयांचा. जावई म्हणजे त्या महिन्यात साक्षात विष्णू. सासुरवाडीला बोलावून त्याला तेल लावायचं, धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. वडनेरहून बोलावणं आलं, नेमकं पौर्णिमेच्या दिवशीचं. म्हणजे विष्णूने सकाळी पूजा करून घ्यायची आणि संध्याकाळी घर गमवायचं.

बातमी कडूबाच्या कानी गेलीच. त्याने पान लावता लावता विचारलं, "वान कायचं देते रे तुहा सासरा? एवढा जमीनदार. ताट चांदीचं असन?"

"मले काय मालूम?" इंद्रभान म्हणाला.

"चांदीचंच असन," कडूबाने स्वतःच ठरवून टाकलं. "हे घे पाच. हप्ता भर. पन मी संगं येतो. ताट वापस येताना माह्याकडं. जुनं नवं सारं फिटलं."

इंद्रभानला "नाही" म्हणताही येत नसे. नकार हा मागण्याचाच भाऊ.

पौर्णिमेला सकाळी फकीर मोहम्मदची दमणी दारात आली. गीताबाई पोरीला घेऊन चढली आणि पाहते तर पुढे कडूबा बसलेला, धुतलेला सदरा घालून.

"हे कोन?" तिने विचारलं.

"दोस्त आहे. पानवाला."

"तुमी तं पान खातच नाई!"

इंद्रभानने बैलांच्या शिंगांकडे पाहिलं. फकीर मोहम्मद तोंडातल्या तोंडात म्हणाला, "भाभी, दोस्ती को पान की क्या जरूरत," आणि बैल हाकले.

वडनेरला सासूबाईंनी, रुखमाबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला. ओसरीवर पाय ठेवताच इंद्रभानने बंडीतून पाच रुपये काढून सासऱ्यापुढे धरले. आधी घर वाचवावं, मग विष्णू व्हावं, असा त्याचा साधा हिशेब. भगवंतरावांचा हात पुढे आला, तोच रुखमाबाई मधे पडल्या.

"हात नोका लावू! वान देयाच्या आंधी जवायाचा छदाम घेसान तं माह्ये तेहेतीसच्या तेहेतीस अनारसे वाया!"

भगवंतरावांनी हात मागे घेतला. सरकारला न भिणारा माणूस, पण चुलीपाशी त्यांचं चालत नसे. "दिवे लागायच्या आंधी पाहू," एवढंच ते म्हणाले.

मग जावयाला तेल लावायला नेलं. पाटावर बसायचं तर बंडी उतरवायची, आणि नेसायला सासऱ्याकडचं नवं धोतर. पाच रुपये ठेवायचे कुठे? गीताबाईकडे द्यावेत तर ती विचारणार, पगाराआधी हे आले कुठून. खुंटीवर बंडीत ठेवावेत तर घरभर पोरंटोरं. इंद्रभानने इकडे तिकडे पाहिलं आणि ते पाच रुपये सगळ्या गावातल्या एकमेव ओळखीच्या, पैसा सांभाळण्यात पटाईत असलेल्या माणसाच्या हाती दिले. कडूबाच्या! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, म्हणतात ते हेच. कडूबाने रुपये चंचीत टाकले, दोरी ओढली आणि सवयीने गाठ मारली.

पंगत जोरात झाली. पुरणाचे धोंडे, आमरस, वर तुपाची धार. जावयाचा सोबती म्हणून कडूबाला जावयाशेजारी पाट मिळाला. रुखमाबाई त्यालाही आग्रह करत होत्या. कडूबाने आजवर शंभर घरचे पैसे खाल्ले असतील, पण घास कोणी घातला नव्हता. चौथा धोंडा पानात पडला तेव्हा तो वर न पाहता जेवत राहिला. इंद्रभानही पोटभर जेवला, कारण इथे "नको" म्हटलेलं कोणी ऐकतच नसे.

मग वाण आलं. कडूबा पुढे सरसावून बसला. रुखमाबाईंनी जावयाच्या हाती परात दिली. वर तेहतीस अनारसे, मधे पितळेचं निरांजन. परात काशाची होती. कडूबाने हळूच कडेवर नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि त्याचं तोंड पानात काथ जास्त पडल्यासारखं कडवट झालं.

ऊन उतरलं. भगवंतराव ओसरीवर येऊन बसले. गीताबाई दाराशी उभी होती, पोरगी तिच्या कडेवर.

"हां जवाईबापू. वान झालं. आता हप्ता आना," भगवंतराव म्हणाले. "दोन चुकलेले आहेत, हा तिसरा."

"दोन कधी चुकले?" गीताबाईने विचारलं.

इंद्रभानने कडूबाकडे हात पसरला. "कडूबा भाऊ, ते पाच द्या."

इथे कडूबाने दगा केला असं म्हणता येणार नाही. त्याच्या मनात काही नव्हतं. पण पंधरा वर्षं जे तोंड एकच वाक्य बोलत आलं, ते पोट भरलं म्हणून बदलतं थोडंच? समोर हात पसरलेला दिसला आणि तोंडून निघून गेलं, "सकायचे पाच जमा झाले ना बे. हे नवे. आठ आने वर."

"कायचे आठ आने?" भगवंतराव म्हणाले.

आता सोंग संपलं. सोंग सगळ्यांचं आणता येतं, पैशाचं येत नाही. इंद्रभानने खाली मान घालून सगळं सांगितलं. पगारगाडी, पुढे पळालेली पौर्णिमा, जुने पाच, आठ आणे, गोवर, हुकलेले दोन हप्ते. इतकं लांब तो जन्मात बोलला नव्हता. गीताबाई ऐकत होती आणि तिचे डोळे भरून आले. रागाने आले की मायेने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मले मुंडी हालवून सांगत होते ना, पाठवले म्हनून!" ती नवऱ्यावर कडाडली. मग बापाकडे वळली. "आन तुमी हो बाबा! पगार दहा तारखेले. तुमाले मालूम नाई? स्टँपावर पौर्णिमा कायले लिवली? तुमच्या पौर्णिमेनं माह्यं घर खाल्लं!"

भगवंतरावांनी मिशीवर हात फिरवला. मग जावयाकडे पाहून म्हणाले, "मले वाटलं, तुमी ड्यूटी सरल्यावर पायी येसान हप्ता घेऊन. जेवसान, मंग वापस जासान. रस्त्यानं नाला आहे, इच्चूकाटा आहे. चांदनं असावं म्हनून पौर्णिमा लिवली म्या. तुमी एकडाव बी आले नाई. फकीर मोहम्मदच्या हाती पैसे पाठवत गेले. मले वाटलं, जवायाले माह्या ओसरीवर बसाची लाज वाटते."

दोन वर्षं इंद्रभान ज्या चांदण्याला शिव्या देत होता ते त्याच्याचसाठी मांडून ठेवलेलं होतं. सासऱ्याने सांगितलं नाही, याने विचारलं नाही, आणि मधल्या मधे कडूबाची चंची फुगली. दोघेही मोठे शहाणे!

"मामाजी," तो म्हणाला. जीभ टाळूला चिकटली. तो पुन्हा म्हणाला, "मामाजी, हप्ता पगाराच्या दिशी घेसान का?"

"एवढं इचाराले दोन वर्सं लागले?"

"हाव."

"मले पैशाशी काम आहे, चंद्राशी नाई," भगवंतराव म्हणाले. "आजपासून हप्ता पगारगाडीचा. आन पगारगाडी अजून आली नाई, मंग तिसरा हप्ता चुकला कुठं? मांगचे दोन मात्र सोडनार नाई. दिवाळीपावतर द्या." व्यवहार शेवटी ओसरीवरच राहिला. दाराआड रुखमाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच चहाचं आधण ठेवलं.

मग भगवंतराव कडूबाकडे वळले. त्यांच्या नजरेत राग होता, पण थोडं कौतुकही होतं. "पाचावर महिन्याले आठ आने. वर्साचे सहा. पाचाले सहा! बापा, मी जमिनी घेऊन चुकलो. पानाचा ठेला टाकाले पाह्यजे होता."

"सकायचे पाच तुमच्याजवळ आहेत ना?" गीताबाईने कडूबाला विचारलं. "ते नवे का जुने, ते तुमी पाहा. एक पाच फिटले. दुसरे पगारगाडीले फेडू. आठ आने आता बंद."

कडूबाला वाद घालता आला असता. पण चार धोंडे पोटात होते, आणि ज्या घरी पाटावर बसून जेवलो तिथे उठून व्याज मागायचं, हे त्यालाही जमेना. तो चंचीची दोरी चाळवत म्हणाला, "बाईसाहेब, ते तं आता बंदच म्हना."

दमणी परत निघाली तेव्हा चंद्र नुकताच वर आला होता. वाट लख्ख दिसत होती. नाला, दगड, बाभळीच्या सावल्या. पोरगी आईच्या मांडीवर झोपली. फकीर मोहम्मद बैलांशी उर्दूत गप्पा मारत होता. कडूबा एका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. गीताबाईने परातीवरचं फडकं बाजूला केलं, दहा अनारसे मोजून काढले आणि त्याच्यापुढे धरले.

"घ्या कडूबा भाऊ. पगारगाडीले अकरा वापस करजा."

फकीर मोहम्मद एवढा हसला की बैल थांबले. कडूबाने अनारसे घेतले, खाली ठेवले, पुन्हा घेतले. "बाई, खाऊ का नोको ते तं सांगा," तो अजिजीने म्हणाला, आणि मग गीताबाईलाच हसू फुटलं. तिने वर आणखी एक ठेवला आणि म्हणाली, "खा बिनघोर."

इंद्रभान चांदण्यात वाटेकडे पाहत होता. हा "नको"च म्हणणार, म्हणून तिने सवयीने त्याला विचारलं नाही. फडकं झाकून ती परात मागे सारू लागली, तेवढ्यात तो तिच्याकडे वळला.

"मले दे ना एक," तो म्हणाला. आणि तो खाऊन झाल्यावर पुन्हा हात पुढे केला. "आनखी एक."